मूठ दाखवली, तो म्हणाला ‘दोन’

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीत पिंजऱ्याच्या दाराशी बसणाऱ्या डॉक्टरचं काम बाहेरून बघणाऱ्याला रक्ताचं वाटतं. रक्ताने मी फारसा हलत नाही. भुवईवरची जखम कितीही वाहिली तरी ती कुठे आहे, किती खोल आहे, रक्त डोळ्यात उतरतंय का, एवढं बघून माझा निर्णय होतो. बाकीचं कटमन सांभाळतो. फेऱ्यांमधल्या एका मिनिटात कापसाच्या बोळ्यावर ॲड्रेनॅलिन घेऊन तो जखम दाबून धरतो, वर व्हॅसलीन लावतो, आणि चांगला कटमन असेल तर पुढच्या फेरीत ती जखम विसरायला होते. मला धास्ती असते ती थेंबभरही रक्त न सांडणाऱ्या दुखापतीची. डोळ्यात गेलेल्या बोटाची.

अशाच एका हेवीवेट लढतीचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. दोघांचीही नावं देणार नाही. लाल कोपरा आणि निळा कोपरा एवढं पुरे. दोघेही मोठ्या संघटनेच्या उंबरठ्यावर होते. जिंकणाऱ्याला तिकडून बोलावणं येणार, असं सगळे धरून चालले होते.

आदल्या दिवशी वजन आणि वैद्यकीय तपासणी झाली. हलक्या गटांत त्या दिवशी मला सुकलेले ओठ, खोल गेलेले डोळे आणि उभं राहताना येणारी चक्कर शोधावी लागते. हेवीवेटमध्ये हा प्रश्न सहसा नसतो. 93 किलोच्या वर आणि 120.2 किलोच्या आत, म्हणजे 265 पौंडांपर्यंत, कुठेही बसलं की झालं. तिथे अडचण वेगळीच येते. या माणसांचे दंड इतके जाड असतात की नेहमीच्या पट्ट्याने रक्तदाब मोजला तर तो खोटाच वाढलेला दिसतो. लहान पट्ट्यामुळे चांगल्या खेळाडूवर उच्च रक्तदाबाचा शिक्का बसायला नको, म्हणून मी मोठा पट्टा स्वतःचा घेऊन जातो. आयोजकांकडे तो कधीच नसतो, आणि मागितला तर माझ्याकडे असे बघतात की जणू मी लाड करून घेतोय.

तपासणीचं टेबल कठड्याच्या जवळच होतं, त्यामुळे पलीकडे जमलेल्या चाहत्यांचं बोलणं कानावर पडत होतं. मला ते बोलणं मनापासून आवडतं. मीही त्यांच्यातलाच आहे. रात्री जागून लढती बघतच या कामात आलो. पोरं तावातावाने भांडत होती. एकाचं म्हणणं, टॉम अ‍ॅस्पिनॉलसारखा चपळ हेवीवेट आजवर झालाच नाही. पावलोविचला 69 सेकंदांत झोपवलं, ब्लेड्सला 60 सेकंदांत. दुसरा म्हणाला, पण जॉन जोन्सशी त्याची गाठ पडलीच कुठे? तिसऱ्याला व्होल्कोव्हवर कायम अन्याय होतो असं वाटत होतं. मग गाडी आमच्या दोघांवर आली. लाल कोपऱ्यातला जिंकला तर वर्षभरात तो पहिल्या दहांत दिसेल, असं एकाने ठासून सांगितलं.

हे अगदीच हवेतलं नव्हतं. या गटात माणसं मुळात कमी. एवढ्या वजनाचा, चपळ आणि कुस्तीही जाणणारा खेळाडू सापडणं कठीण, आणि एकेका ठोशात इतकी ताकद की कुणाचंच स्थान पक्कं नसतं. यूएफसी ही या खेळातली सगळ्यात मोठी संघटना, आणि तिच्या इतिहासात हेवीवेटच्या विजेतेपदाचा पट्टा लागोपाठ राखण्याचा विक्रम स्टिपे मिओचिचचा आहे, तोही फक्त 3 वेळा. इतर गटांत हा आकडा किरकोळ वाटेल. म्हणून इथे दोन चांगल्या विजयांवर माणूस थेट दावेदार होतो, आणि चाहत्यांना ते बरोबर कळतं. त्यांच्या यादीत कुस्ती असते, दम असतो, हनुवटी म्हणजे ठोसे पचवायची ताकद असते. डोळा मात्र कुणी धरत नाही.

लढतीआधी पंचाने दोघांच्या खोलीत जाऊन नियम सांगितले. नखं तपासली. बोटं ताठ करून प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्याकडे धरणं हाच फाऊल आहे, बोट लागो न लागो, हेही स्पष्ट केलं. सगळे मान डोलावतात. आत गेल्यावर हात आपोआप उघडतो, कारण मोकळ्या पंजाने अंतर मोजायची सवय सरावात लागलेली असते आणि 4 औंसांच्या ग्लोव्हमधून बोटं पूर्ण बाहेर असतात. यूएफसीने जून 2024 मध्ये बोटं किंचित वळलेली राहतील असे नवे ग्लोव्ह आणले होते, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले. मला त्याचं वाईट वाटलं. ते ग्लोव्ह परिपूर्ण नसतीलही, पण तो प्रश्न वस्तूपासून सोडवायचा प्रयत्न तरी होता. खेळाडूला ‘मूठ मीट’ म्हणून सांगणं हा उपाय इतकी वर्षं चालू आहे आणि इतकी वर्षं तो पुरत नाही.

पहिली फेरी अर्ध्यावर आली असताना लाल कोपऱ्यातला आत घुसला आणि निळ्याने त्याला थोपवायला डावा हात लांब केला. तर्जनी डाव्या डोळ्यात गेली. मी बसलो होतो तिथून मला बोट दिसलं नाही. डोकं झटक्यात मागे गेलं ते दिसलं, आणि त्यानंतर त्याने दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. ठोसा खाल्लेला माणूस हात वर घेतो, चेहरा झाकत नाही. पंच अनुभवी होता, त्याने क्षणात वेळ थांबवली आणि मला आत बोलावलं.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे कुणालाही डोळ्याला हात लावू न देणं. कोपऱ्यातला माणूस जाळीतून ओरडत होता, ‘चोळ, चोळ, पाणी जाऊ दे!’ डोळ्याचा गोळा फाटला असेल तर चोळण्याने आतलं बाहेर येऊ शकतं. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो, प्रत्येक वेळी कुणीतरी चोळायला सांगतंच. नाक शिंकरू नकोस हेही लगेच सांगावं लागतं. खोबणीचं हाड तडकलं असेल तर शिंकरलेली हवा डोळ्याभोवती शिरते आणि पापणी बघता बघता फुगून बंद होते.

पापणी हळूच उघडली. बाहुली गोल होती, थेंबासारखी ओढलेली नव्हती. उजेडाला आकसत होती, पण सावकाश. डोळा लालभडक, पाण्याची धार लागलेली. इथपर्यंत दोन्ही शक्यता होत्या. नुसतं बोट घासलं असेल तर पाणी एक-दोन मिनिटांत ओसरतं आणि नजर परत येते. त्यासाठी नियमाने सावरायला मिळणारी 5 मिनिटं उपयोगाची आहेत. पण आत काही झालं असेल तर त्या 5 मिनिटांत फक्त सूज वाढते.

‘डॉक्टर, दिसतंय मला,’ तो म्हणाला. मी काही विचारायच्या आधीच.

मी त्याचा उजवा डोळा माझ्या तळव्याने झाकला. खेळाडूला स्वतःला झाकू देत नाही, बोटांमध्ये फट राहते. मग हात वर करून तीन बोटं धरली. ‘तीन,’ तो म्हणाला. पाच धरली. ‘पाच.’ दोन्ही बरोबर. पंचाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी आणखी एकदा हात वर केला, एक बोट, आणि तेव्हा मला त्याची मान दिसली. माझ्या हाताकडे बघण्याऐवजी त्याने ती किंचित बाजूला वळवली होती. तो ऐकत होता.

माझ्या डोक्यावर, पिंजऱ्याच्या वर, मोठा पडदा होता. कॅमेरा आमच्या तोंडाशी आलेला. माझी बोटं त्या पडद्यावर माणसाएवढी दिसत होती आणि सगळं सभागृह एका आवाजात ओरडत होतं, ‘एक! एक!’ आधी तीन, मग पाच, तेही त्यांनीच सांगितलं होतं. मला तो नुसता गोंगाट वाटला होता. कामात असताना गर्दीचा आवाज मी कानाआड करतो, त्याशिवाय हे काम जमत नाही.

मी कॅमेऱ्याकडे पाठ केली. त्याच्याजवळ इतका सरकलो की माझा हात आमच्या दोघांच्या छातीमध्ये आला. त्या हाताची मूठ केली, एकही बोट नाही. सभागृह गप्प झालं, कारण दिसत काहीच नव्हतं. तो थांबला. मला वाटतं, आवाजाची वाट बघत असावा. मग म्हणाला, ‘दोन.’

मी पंचाला मान हलवून नाही म्हटलं. आमच्याकडे शेवटचा शब्द पंचाचा. डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध जाणारा पंच मात्र मी पाहिलेला नाही. फाऊल हेतुपुरस्सर नव्हता, पहिलीच फेरी, म्हणून निकाल ‘नो कॉन्टेस्ट’. विजय नाही, पराभव नाही, दोघांचीही कित्येक आठवड्यांची तयारी शून्यावर. हुर्यो उडाली. ती आधी निळ्यावर होती, मग माझ्यावर आली, आणि बाहेर जाताना मला वाईट वाटलं ते याचं की थोडी लाल कोपऱ्यातल्यावरही होती.

आतल्या खोलीत बधिर करणारे थेंब घातले, रंगाची पट्टी लावली, निळ्या दिव्याखाली कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, हिरवा लांबट ओरखडा चमकला. त्याच्यापेक्षा गंभीर म्हणजे, बाहुलीच्या पुढच्या कप्प्यात तळाशी रक्ताची बारीक रेघ साचायला लागली होती. डोकं उंच ठेवायचं, वेदनेसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे. पुढच्या काही दिवसांत असं रक्त पुन्हा वाहू शकतं, आणि तेव्हाचा रक्तस्राव पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. याच डोळ्यावर आणखी दोन फेऱ्या ठोसे बसले असते.

निळा खेळाडू दारात येऊन उभा राहिला, माफी मागितली, रडला. दोघांनी एकमेकांचा हात बराच वेळ धरला. या खेळाला रानटी म्हणणाऱ्यांना मी ही खोली दाखवू शकत नाही, याची मला नेहमी खंत वाटते.

तो गेल्यावर मी लाल कोपऱ्यातल्याला विचारलं, ‘दिसत नव्हतं तर म्हणाला का नाहीस?’

‘मी म्हणालो असतो तर मी थांबवली असं झालं असतं,’ तो म्हणाला. ‘ते तुम्ही म्हणायला हवं होतं. अ‍ॅस्पिनॉलला काय काय बोलले, पाहिलंत ना?’

पाहिलं होतं. 25 ऑक्टोबर 2025, अबू धाबी, सिरिल गानविरुद्धची लढत. पहिल्या फेरीच्या 4 मिनिटं 35 सेकंदांवर ती डोळ्यातल्या बोटामुळेच थांबली, नो कॉन्टेस्ट. अ‍ॅस्पिनॉल सरळ म्हणाला की दिसत नाही. पट्टा त्याच्याकडेच राहिला, पण त्याला पळपुटा म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या हेवीवेटने खरं सांगितलं आणि त्याची ही किंमत, तर उंबरठ्यावरच्या पोराने खोटं बोलायचं ठरवलं यात मला नवल वाटत नाही. उलट बाजूही याच गटात घडलेली आहे. ऑगस्ट 2020 मध्ये मिओचिचशी झालेल्या तिसऱ्या लढतीत डॅनियल कॉर्मिएने डोळ्याला लागल्याचं सांगितलं, तो ठोसा समजला गेला आणि लढत चालू राहिली. नंतर कॉर्निया फाटल्याचं निघालं. मायकेल बिस्पिंग तर 2013 मध्ये बेलफोर्टशी लढताना उजवा डोळा जायबंदी झाल्यावर पुढे अनेक वर्षं लढला, 2016 मध्ये मिडलवेटचा पट्टाही जिंकला, आणि नेत्रतपासण्या कशा चुकवल्या ते त्याने नंतर स्वतःच सांगितलं. त्याच्या जिद्दीची गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. मला त्यात ते सगळे डॉक्टर दिसतात ज्यांनी त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवला.

म्हणून माझं ठाम मत झालं आहे की ‘दिसतंय का?’ हा प्रश्न पिंजऱ्यात विचारूच नये. त्या प्रश्नाने निर्णयाचं ओझं ज्याला लागलंय त्याच्याच डोक्यावर ठेवलं जातं. तपासणी डॉक्टरची, निर्णय डॉक्टरचा आणि पंचाचा, आणि शिव्याही आम्हालाच. त्यासाठीच आम्ही तिथे बसतो.

प्रेक्षकांबद्दल मात्र मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी क्रूरपणे काही केलं नाही. त्यांना तो आवडत होता. आदल्या दिवशी कठड्यापलीकडे त्याला पहिल्या दहांत नेऊन बसवणारी पोरंही बहुधा त्याच आवाजात ओरडत असणार. त्याला मदत करावी म्हणून त्यांनी उत्तरं सांगितली, आणि ती उत्तरं ऐकून मी मान हलवली असती तर त्यांच्या लाडक्याचा डोळा गेला असता. त्यांच्यावर रागवायला जातो तेव्हा आठवतं की घरी बसून मीही पडद्यासमोर असाच ओरडतो.

आयोजकांवर मी रागावलो आहे. लढत संपल्यावर त्यांच्या माणसाने मला गाठून विचारलं, ‘डॉक्टर, पाच मिनिटं तरी पूर्ण होऊ द्यायची होतीत.’ मी त्याला रक्ताच्या रेघेबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मुख्य लढत मध्येच थांबल्याने लोक कसे नाराज झाले ते पुन्हा सांगितलं.

आता त्या दोघांची लढत परत ठरते आहे. लाल कोपऱ्यातल्याच्या नेत्रतज्ज्ञाने त्याला मोकळा केला आहे, दृष्टी पूर्ववत आहे, आणि चाहत्यांनी नव्याने वाद सुरू केले आहेत. मला पुन्हा बोलावलं आहे. होकार देताना मी लेखी अट घातली: डॉक्टर आत असताना मोठा पडदा बंद, कॅमेरा जाळीच्या बाहेर. कॅमेऱ्याची अट त्यांनी मान्य केली. पडद्याबद्दल उत्तर आलं की तेवढ्या वेळात प्रेक्षकांना दुसरं काय दाखवायचं, ते बघावं लागेल. मी कळवलं आहे की पडद्याचा निर्णय होईपर्यंत माझा होकार धरू नये.