विंचेस्टर ९४: लिव्हरला लागणारी ठेच अखेर सापडली

सापडली! विंचेस्टर ९४ ही खालच्या लिव्हरने चालणारी रायफल, आणि ती बंद करताना हाताला ठेच लागायची. तीन आठवडे मुख्य संशय कॅरिअरवर, म्हणजे काडतूस वर उचलणाऱ्या भागावर होता, आणि दोष निघाला एका स्क्रूच्या टोकात. तेही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं जास्तीचं टोक.

रायफल तीच, या दुरुस्तीच्या आधीच्या नोंदींतली: मॉडेल ९४ कार्बाइन (आखूड नळीची), .३०-३० काडतुसाची, क्रमांक सतरा लाखांच्या घरातला. पंधरा लाखावी ९४ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना १९४८ साली भेट दिली होती आणि वीस लाखावी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५३ साली, म्हणजे ही त्यामधल्या वर्षांतली. कंपनीने १९६४ मध्ये केलेल्या काटकसरीच्या बदलांआधीची असल्याने आतले भाग घडीव पोलादाचे आहेत आणि त्यांच्यावर मेहनत घेण्यात अर्थ आहे.

मागच्या वेळी जुनं, लाखेसारखं घट्ट झालेलं तेल काढून झालं होतं आणि लॉकिंग बोल्टच्या (बोल्टला मागून अडवून धरणाऱ्या उभ्या ठोकळ्याच्या) कडेवरची खरखरीत धार दगडाने उतरवली होती. त्यानंतर रिकामी रायफल सुरेख चालायला लागली. लिव्हर खाली ओढताना आधी लिंकमधला (लिव्हरला जोडलेल्या तळपट्टीतला) फ्रिक्शन स्टड, म्हणजे लिव्हर बंद धरून ठेवणारा छोटा खुंटा, सुटल्याची बारीक टिचकी लागते. मग लॉकिंग बोल्ट खाचांतून खाली उतरतो, बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) मागे सरकत घोडा चढवतो आणि हाताला रेटा जाणवतो. सुपारी फुटायच्या आधी अडकित्त्याला येतो तसा ताण, आणि घोडा दबला की एकदम मोकळं. शेवटच्या दोनेक सेंटिमीटरमध्ये कॅरिअर टप्कन वर येतो. ९४ मध्ये लिंकच रिसीव्हरच्या (यंत्रणेच्या पोलादी पेटीच्या) तळातून खाली झुलते, त्यामुळे विंचेस्टरच्याच १८८६ किंवा १८९२ मॉडेलसारखी लोण्यासारखी चाल हिच्याकडून मागू नये. पण प्रत्येक टप्पा वेगळा ओळखू यावा आणि मध्ये कुठेही खरखर नसावी, एवढं मागायला हरकत नाही.

डमी, म्हणजे निर्जीव काडतूस घातलं की मात्र लिव्हर बंद करताना, टँगपासून (दस्त्यात जाणाऱ्या पोलादी शेपटीपासून) साधारण चार सेंटिमीटरवर, ठेच लागायची. जोरात चालवलं तर जेमतेम कळायची, सावकाश चालवलं तर हात थांबायचा. जोर लावून दोष झाकता येतो, म्हणून तपासणी नेहमी सावकाश करावी.

पहिला संशय डमींवर. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या डमींची रिम (बुडाची बाहेर आलेली कड) पन्नासेक फेऱ्यांत एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतूस ओढून काढणारी नखी, कुरतडून टाकतो, मग त्यांच्यावरून काढलेल्या कुठल्याच निष्कर्षाला किंमत उरत नाही. त्याऐवजी पाच डमी घरी केल्या: साच्यातून दाबून मापात आणलेल्या रिकाम्या केस (पितळी नळ्या), ना प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) ना दारू, १७० ग्रेन वजनाची चपट्या नाकाची गोळी, एकूण लांबी ६४.७ मिमी (.३०-३० ची कमाल लांबी २.५५० इंच, म्हणजे ६४.७७ मिमी). निर्जीव काडतूस बघताक्षणी ओळखू यावं म्हणून केसच्या बाजूला ३ मिमीचं भोक. भोकाची कड आतबाहेर घासून घ्याच, नाहीतर ती कडच कार्ट्रिज गाइडला (काडतुसाला बाजूने वाट दाखवणाऱ्या पट्टीला) अडकते आणि आपण नसलेला दोष शोधत बसतो. या डमींनी ठेच गेली नाही, पण ‘कधीकधी’ लागणारी ‘दर वेळी’ लागायला लागली. तपासणीसाठी ही मोठीच सोय झाली.

दुसरा संशय कॅरिअरच्या स्प्रिंगवर. ही पट्टी कॅरिअरला वर आणि खाली धरून ठेवते. ती मेली असेल तर कॅरिअर वेळेआधी खाली बसतो आणि गोळीचं नाक चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) खालच्या ओठावर आपटतं. लक्षण जुळत होतं, म्हणून नवी पट्टी मागवून बसवली. फरक शून्य. जुनी परत बसवली आहे, कारण तिचा ताण नवीपेक्षा समतोल वाटतो.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. एका डमीला निळ्या मार्करने रिमपासून गोळीच्या नाकापर्यंत रंगवलं, एकदाच, अगदी हळू आत नेलं आणि बाहेर काढून भिंगाखाली धरलं. गोळीच्या नाकाखाली काहीच नाही, म्हणजे कॅरिअर निर्दोष. पण केसच्या उजव्या अंगाला, रिमच्या सेंटिमीटरभर पुढे, नखाएवढी सरळ रेघ. निळ्या रंगातून चमकणारं पितळ, रुंदी सुईच्या टोकाएवढी. गाइडची सपाट बाजू घासली असती तर रुंद पट्टा उमटला असता. इतकी बारीक रेघ टोकानेच उमटते.

खोलण्याचा क्रम नेहमीचाच. चेंबर आणि मॅगझिनची (काडतुसं साठवायची) नळी डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासा, खरी काडतुसं त्या खोलीतच नकोत. टँगचा स्क्रू काढून दस्ता मागे, घोड्याचा स्क्रू काढून खालचा टँग मागे. लिव्हर-पिनचा स्टॉप स्क्रू (पिन जागेवर धरणारा), मग पिन. लिंक-पिनचा स्टॉप स्क्रू, मग पिन, लिव्हरसकट लिंक खाली. लॉकिंग बोल्ट खाली, बोल्ट मागून. त्यानंतर दोन्ही कार्ट्रिज गाइड हाताशी येतात. स्टॉप स्क्रूंची खाच अरुंद असते, तिथे पाचरीसारख्या निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर लावू नका. समांतर कडांचं, खाचेत घट्ट बसणारं पातं हवं. ब्राउनेल्सचे मॅग्ना-टिप बिट्स महाग आहेत, पण एक बिघडलेला जुना स्क्रू त्याहून महाग पडतो.

डाव्या गाइडचा स्क्रू मूळचा, टोक आतच. उजव्याचा आधीच्या कुणीतरी बदललेला. डोक्यावरचा, पोलादाला देतात तो निळा रंग जरा जास्तच काळा. त्याचं टोक गाइडच्या आतल्या पृष्ठभागाच्या बाहेर डोकावत होतं, आणि टोकाला पितळेचा पिवळा डाग. काडतूस वर उचललं जाऊन पुढे सरकायला लागलं की या टोकावरून घासत जायचं. सुटे भाग विकणारे पाकिटावर नुसतं ‘९४ साठी’ लिहितात, साल लिहीत नाहीत. हे मला खटकतं, कारण शंभराहून जास्त वर्षांच्या उत्पादनात बरंच काही बदलत गेलं. स्क्रू मागवताना जुन्याची लांबी कॅलिपरने मोजून कळवावी.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. विंचेस्टरचे जुने आटे बाजारातल्या नटांना बसत नाहीत, म्हणून गाइडच नट म्हणून वापरला. गाइडच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपचे दोन थर, स्क्रू टोक पूर्ण बाहेर येईपर्यंत आत, बारीक कानशीने टोक उतरवलं, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गुळगुळीत केलं. मग स्क्रू उलटा फिरवून काढला, म्हणजे टोकाचे चेपलेले आटे गाइडमधून येताना आपोआप सरळ होतात. टेप काढा, कीस पूर्ण धुऊन टाका. बसवल्यावर टोक पृष्ठभागाच्या किंचित आत राहिलं पाहिजे. नख फिरवून बघा, नख अडलं नाही पाहिजे.

पाच डमी, चार फेऱ्या, सगळ्या मुद्दाम सावकाश. एकदाही ठेच नाही. नव्याने रंगवलेल्या डमीवर फक्त दोन्ही बाजूंना फिकट, रुंद पट्टे.

आता ठेच गेल्यावर शेवटच्या सेंटिमीटरमधला प्रतिकार स्वच्छ कळतो. बोल्टच्या तोंडातला इजेक्टर (रिकामी केस बाहेर उडवणारा खुंटा) दबतो आणि एक्स्ट्रॅक्टरची नखी रिमवर टक्कन चढते. हा दोष समजून इजेक्टरची स्प्रिंग कापणारे आहेत. तसं करू नका, रिकामी केस बाहेर उडायच्या ऐवजी रिसीव्हरमध्येच लोळेल. मेनस्प्रिंगचा (घोड्याला जोर देणाऱ्या स्प्रिंगचा) ताण-स्क्रू सैल करणंही तसंच: लिव्हर हलकी होते आणि घोड्याचा फटका कमजोर पडून प्रायमर फुटत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे आत लॅपिंग पेस्ट (धातू घासणारा लेप) भरून लिव्हर शेकडो वेळा चालवणं. ती पेस्ट लॉकिंग बोल्टचा बोल्टला टेकणारा पुढचा पृष्ठभागही खाते, आणि तिथे खाल्लेला मिलिमीटरचा प्रत्येक शतांश हेडस्पेसमध्ये (बंद बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामधल्या मोकळ्या जागेत) जातो. त्या पृष्ठभागाला आणि घोड्याच्या खाचांना दगड लावायचाच नाही.

वंगण: लॉकिंग बोल्टच्या खाचांना बोटाने पुसल्यासारखा ग्रीसचा पातळ थर, बोल्टला पातळ तेल, लोडिंग गेटच्या (काडतुसं भरायच्या झडपेच्या) आतल्या बाजूला काहीच नाही. अमेरिकेत उत्तरेकडे नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीच्या मोसमाला रायफल नेणार असाल तर ग्रीसही नको, थंडीत तेच घट्ट होतं.

पुढच्या वेळी कॅरिअरचा वरचा पृष्ठभाग पॉलिश करायचा बेत होता, तो रद्द. हे लिहिताना लक्षात आलं की कॅरिअरच्या दोन स्क्रूंपैकी एकाचं डोकं त्याच जास्त काळ्या रंगाचं आहे, म्हणजे बहुधा त्याच हाताने बदललेलं. आता आधी स्प्रिंग काढून कॅरिअर नुसत्या स्वतःच्या वजनाने झुलतो का ते बघायचं. झुलला नाही तर एकेक स्क्रू पाव फेरी सैल करून पुन्हा, आणि मार्करची बाटली टेबलावरच.