आमची वाटचाल : अर्धा मिलिमीटर मोकळीक

दट्ट्यांच्या पेट्या म्हणजे काय, हे बालवाडीच्या बाईंना सांगायला नको. इतरांसाठी: लाकडी ठोकळ्यात ओळीने भोकं, प्रत्येकात नेमका बसणारा लाकडी दट्टा, त्याच्या डोक्यावर धरायला छोटं बोंड; मुलाने दट्टे काढून पुन्हा आपापल्या भोकात बसवायचे. आमच्या कारखान्याचं नाव झालं ते या पेट्यांवर, आणि शटर ओढायची वेळ आली तीही यांच्यापायीच.

सावंतवाडीचे आमचे खरादी (फिरत्या यंत्रावर लाकूड घडवणारे) भागीदार पहिल्या दिवसापासून एका मापावर अडून बसत: दट्टा आणि भोक यांत अर्धा मिलिमीटर मोकळीक. जाडीच्या पेटीत, म्हणजे जिथे दट्टे फक्त जाडीत बदलतात तिथे, लगतच्या दट्ट्यांच्या व्यासात फरक असतो फक्त 5 मिलिमीटरचा. भोकं ढिली असली की शेजारच्या घरात गेलेला दट्टाही मुलाला बरोबर वाटतो. माप नेमकं असेल तर शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि मूल आपणच मागे जाऊन चूक शोधतं. घट्ट केलं तर पावसाळा आहेच. लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे भोक लंबगोल होतं आणि फुगलेला दट्टा लांबीच्या बाजूला अडकतो. म्हणून ओलावा 12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड खरादावर चढत नसे.

मग एका स्पर्धकाने निम्म्या भावात एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या, पेट्या आणल्या. एमडीएफ एकदा ओल खाऊन फुगलं की मूळ मापावर येत नाही. त्यात बोंडं नुसती चिकटवलेली! खेळण्यांच्या तपासणीत लहान भागांसाठी 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. निखळलेलं बोंड तीत सहज मावतं, म्हणजे मुलाच्या घशातही जाऊ शकतं. आम्ही बोंड खुंटीने बसवतो. निविदा उघडणाऱ्यांनी भाव तेवढा वाचला. कामं गेली, कारागीर पांगले, 2020 साली बालवाड्यांनाच कुलूप लागलं. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं 1 जानेवारी 2021 पासून. तोवर त्या स्पर्धकाचा माल खपून गेला होता. हा राग अजून गेलेला नाही.

तगलो ते कोकणातल्या एका बाईंमुळे. दर जूनला त्यांची चिठ्ठी येई: ‘तिसरी पेटी, चौथा दट्टा हरवला.’ आम्ही सुटा दट्टा करून देत असू. बालवाडी बंद असतानाही त्यांनी नव्या पेट्यांचे पैसे आगाऊ पाठवले.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. घेताना पेटी उलटी करा. सगळे दट्टे आपल्या वजनाने सुटले पाहिजेत. दाखवताना बोंड तीन बोटांनीच धरा, पेन्सिलीची पकड तिथेच तयार होते. आणि मूल चुकलं तर गप्प राहा. पावसाळ्यात पेटी ओल्या भिंतीला टेकवू नका. दट्टा अडकलाच तर कानस लावू नका. दिवाळीपर्यंत थांबा.