तुम्ही विचारलंत म्हणून: मुलगी टीव्ही किती बघते?

हा प्रश्न विचारणारा माणूस माझ्याकडे बघत नसतो. तो माझ्या मुलीच्या दंडांकडे बघत असतो.

डॉक्टरांनी विचारून झालं, वर्गशिक्षिकांनी विचारून झालं, नणंद तर फोन ठेवता ठेवता विचारतेच. एकदा बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, आमची नावंही त्यांना माहीत नव्हती. बरं, प्रश्न दर वेळी मलाच. तिच्या बाबांना आजवर एकानेही विचारलेला नाही. तिच्या दादालाही नाही. तो तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि काडीपैलवान. सोफा तोच, टीव्ही तोच, कार्टून तेच, आणि बघायचा वेळ बहुधा तिच्यापेक्षा जास्तच. पण त्याचे तास मोजावेत असं कोणाच्या मनात येत नाही, कारण त्याच्या अंगावर ते दिसत नाहीत.

तर उत्तर देते. एकदाच, सविस्तर.

बघते. शाळा असते तेव्हा दीड-दोन तास. सुट्टीत त्याहून जास्त. मी ऑफिसचं काम घरी आणलेलं असेल किंवा मला ताप असेल तेव्हा किती, ते मी मोजत नाही. त्या वेळी टीव्ही आहे म्हणून घर चालतं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आणि टीव्हीचा वजनाशी संबंध आहे हे मला माहीत आहे. ते समजावून सांगण्याचे कष्ट कोणी घेऊ नयेत. रात्री झोप येत नाही तेव्हा मी हेच वाचत बसते. १९८५ मध्ये अमेरिकेत विल्यम डिट्झ आणि स्टीव्हन गोर्टमेकर या दोघांनी देशभरातल्या मुलांच्या आरोग्य-पाहणीतले आकडे तपासले. १२ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये रोजच्या टीव्हीच्या प्रत्येक वाढीव तासामागे लठ्ठपणाचं प्रमाण साधारण २ टक्क्यांनी जास्त दिसलं. तुम्ही जो प्रश्न सहज विचारता, तो तिथून निघालेला आहे. तासांचा प्रश्न.

पण त्यानंतर जे झालं ते तुमच्यापर्यंत पोहोचलेलं दिसत नाही. १९९९ मध्ये थॉमस रॉबिन्सन यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमधल्या दोन शाळा घेतल्या. एका शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिने टीव्ही कमी करायला शिकवलं, दुसऱ्या शाळेला काहीच सांगितलं नाही. पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी वाढला. इथे सगळे मान डोलावतात: बघा, टीव्ही बंद, पोरं मैदानात. तर नाही. त्या मुलांच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. फरक पडला तो टीव्हीसमोर बसून होणाऱ्या जेवणांत. २००८ मध्ये लेनर्ड एपस्टाइन यांनी ४ ते ७ वर्षांच्या ७० मुलांच्या घरच्या टीव्हीला वेळ संपला की बंद पाडणारं यंत्र जोडलं. तिथेही तेच. मुलं जास्त पळाली नाहीत, कमी खाल्लं.

म्हणजे दुखणं बसण्यात कमी आणि ताटात जास्त. डोळे पडद्यावर असले की किती घास गेले याची नोंद मेंदू नीट ठेवत नाही, म्हणून नंतरही जास्त खाल्लं जातं. शिवाय जाहिराती. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये मुलांना कार्टून दाखवलं, काहींना खाण्याच्या जाहिरातींसह, काहींना इतर जाहिरातींसह, आणि समोर खाऊ ठेवला. खाण्याच्या जाहिराती पाहिलेल्यांनी ४५ टक्के जास्त खाल्लं. गंमत म्हणजे समोरचा खाऊ जाहिरातीतला नव्हताच. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १३ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर १९८० मध्येच बंदी आणली ती उगाच नाही. पण बसमधल्या बाई ‘जाहिराती किती बघते?’ असं विचारत नाहीत. तसं विचारलं तर जबाबदारी माझ्यापासून बरीच लांब, फार मोठ्या लोकांपर्यंत जाते.

(‘टीव्ही बघताना शरीर नुसतं पडून राहण्यापेक्षाही कमी ऊर्जा जाळतं’ असा मेसेज मला निदान चार जणांनी पाठवलाय. तो १९९३ मधल्या एका प्रयोगावरून आला आहे, आणि नंतरच्या मोजमापांत टिकलेला नाही. कृपया पाचव्याने पाठवू नये.)

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते.

मुलगी नऊ वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तिला तक्ता दिला. माणूस चांगला होता, ओरडला नाही, तिच्याशीच बोलला, माझ्याशी नाही. ‘बसून बसून टीव्ही बघायचा नाही हं. रोज किती वेळ बसून बघितलास ते इथे लिहायचं. आणि टीव्हीसमोर खायचं नाही.’ तिने तक्ता फ्रिजवर लावला, शेजारी पेन दोऱ्याने बांधलं. रात्री झोपण्याआधी आठवणीने लिहायची. आकडे उतरत गेले. तास, मग पाऊण तास, मग वीस मिनिटं. मी नणंदेला फोन करून सांगितलं, आणि त्या एका फोनमध्ये तिने तो प्रश्न विचारला नाही.

एका संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आले. टीव्ही चालू होता. दादा सोफ्यावर आडवा, पोटावर बिस्किटांचा डबा. आणि ही सोफ्याच्या बाजूला उभी. हात कमरेवर, भार कधी या पायावर, कधी त्या पायावर, डोळे पडद्यावर. मला वाटलं, नुकतीच येऊन उभी राहिली असेल. मी चपला काढल्या, हातपाय धुतले, चहा टाकला. तरी ती उभीच.

‘बस ना गं.’

‘नको.’

‘का?’

‘बसले तर लिहावं लागेल.’

मला क्षणभर कळलंच नाही. दादाने मान न वळवता सांगितलं, ‘ती रोज उभी राहूनच बघते. पाय दुखले की भिंतीला टेकते.’ ती लगेच म्हणाली, ‘टेकलं तर चालतं, ते बसणं नाहीये.’ तेवढ्यात जाहिरात लागली आणि ती आत पळाली. मी मागे गेले. ओट्याशी उभ्याउभ्या ती घाईघाईने बिस्किटं तोंडात कोंबत होती, जाहिरात संपायच्या आत. टीव्हीसमोर खायचं नाही ना.

तिने एकही नियम मोडलेला नव्हता. तक्त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. ‘बसून’ असं लिहिलेल्या रकान्यात तिने बसून बघितलेलीच मिनिटं लिहिली होती. इतका प्रामाणिक हिशोब मी ऑफिसात कोणाचा पाहिलेला नाही. आणि तोंडात बिस्किट असतानाच तिने विचारलं, ‘दादाला तक्ता का नाही?’

मी ‘तुझ्या भल्यासाठीच आहे गं’ असलं काहीतरी बोलले. तिने ते उत्तर म्हणून धरलं नाही, आणि तिचं बरोबर होतं. मी तक्ता काढायला गेले तर रडायला लागली. ‘मग डॉक्टरांना काय दाखवायचं?’ तक्ता राहिला.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो पाहिला, तिला शाब्बास म्हणाले, मग वजनकाट्याकडे पाहिलं. वजन वाढलेलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, ‘घरी नीट मोजताय ना?’ मी काही बोलायच्या आत तीच बोलली. ‘मी उभी राहून बघते.’ डॉक्टर एक क्षण थांबले आणि हसले. मनापासून, कौतुकाने हसले, त्यांना ते गोड वाटलं. बाहेर बसलेल्या मदतनीस बाईंनाही त्यांनी हाक मारून सांगितलं. त्या हसल्या. मीही हसले, हसण्याजोगंच होतं ते. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. रिक्षात पाहिला.

त्यानंतर ती तपासणीला येत नाही. म्हणजे येते, पण ओढून न्यावी लागते, आणि आत गेल्यावर काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवते.

या बाजूने कोणी विचार करतं का? फिजीच्या एका प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधकांनी तिथल्या शाळकरी मुलींना टीव्ही आला तेव्हा आणि तीन वर्षांनी तेच प्रश्न विचारले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढते असं १९९५ मध्ये एकीनेही सांगितलं नव्हतं. १९९८ मध्ये ११ टक्के मुलींनी सांगितलं. टीव्ही वजन वाढवतो तसा वजनाची भीतीही वाढवतो, आणि ती भीती कोणत्याही काट्यावर दिसत नाही. अर्थात, माझ्या मुलीला ती भीती टीव्हीने दिली की आम्ही सगळ्यांनी मिळून, हे मला सांगता येणार नाही.

मुलं नव्हती तेव्हा मी फार ठाम होते. ‘टीव्ही काढूनच टाकायचा, प्रश्नच संपला’ असं मी एका मैत्रिणीला तिच्याच घरात बसून ऐकवलंय, तिचा मुलगा जाड होता म्हणून. ती तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, ‘एपस्टाइनचं यंत्र चाललंच की. मुलांनी कमी खाल्लं. मग तू का नाही बसवत?’ मी म्हणते, त्या घरांनी ते आपणहून बसवून घेतलं होतं, आणि मला एकाच पोराला वेगळा नियम लावायचा नाही. ती म्हणते, ‘मग सगळ्यांनाच नियम लाव.’

तिथे मी अडकते. कारण सगळ्यांत बाबाही आले.

आम्ही काय केलं ते सांगते, उपाय म्हणून नाही, विचारलंत म्हणून. तक्ता गेला. जेवताना टीव्ही बंद, आणि तो दादालाही बंद. तिला जेवण पुरतं आता, दुसऱ्यांदा मागत नाही रोज. वजनाचं म्हणाल तर ते वाढायचं थांबलेलं नाही, वाढीचा वेग कमी झालाय, पण ती उंचही होतेय, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं कळत नाही.

बाबांचं काही झालेलं नाही. ते सडपातळ आहेत, सकाळी फिरायला जातात आणि रात्री तीन तास बातम्या बघतात, ताट मांडीवर घेऊन. ऑस्ट्रेलियात सुमारे ८८०० प्रौढांचा सहा वर्षांहून अधिक काळ माग ठेवून २०१० मध्ये एक अभ्यास आला. रोजच्या टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मृत्यूचा धोका ११ टक्क्यांनी, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यूचा १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कमरेचा घेर आणि व्यायाम हिशोबात धरूनही. हे मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘यावरून टीव्हीमुळेच असं सिद्ध होत नाही.’ खरं आहे, होत नाही. मुलीच्या बाबतीत त्यांना इतका पुरावा लागला नव्हता, हेही मी बोलून दाखवलं. तेव्हापासून या विषयावर आमच्यात तह नाही, फक्त रात्री साडेआठ ते नऊ शांतता असते. मुलं जेवून उठली की बातम्या सुरू होतात, आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसते. बसते, उभी राहत नाही. त्यांच्या ताटातलं उचलून खाते का, तर हो, खाते.