चिंचेने घासलेली शिवराई

नाशिकच्या सराफ बाजारात जुन्या नाण्यांच्या एका लहानशा पेढीवर मी रुमालाची गाठ सोडली आणि आतला पैसा पेढीवाल्या काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. नुसती मान पुढे काढून पाहिलं आणि विचारलं, "कशाने घासलीत, ताई?"

मी म्हटलं, "चिंचेने. आणि थोडं मीठ."

ते काहीच बोलले नाहीत. ती शांतता मला अजून आठवते. खरं तर नाशिकला मी मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेले होते. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी, सगळं छान झालं. पण आज लिहायला बसले ते त्या पेढीवरच्या अर्ध्या तासामुळे.

आजी गेल्यावर आईने तिचा देव्हारा आवरला, तेव्हा टाकांच्या मागे एक पितळी डबी निघाली. आत दोन भोकाचे पैसे, राणीच्या छापाचा एक पाव आणा, काही नये पैसे आणि तळाशी एक जाडजूड, काळपट, वेडीवाकडी कड असलेला पैसा. आई म्हणाली, "ही शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचा तांब्याचा पैसा. लक्ष्मीपूजनाला आजी काढायची." त्या रात्री मी ती डबी घेऊन दोन वाजेपर्यंत जागी होते. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ या काळात पाडले, युद्धात धातू वाचवायला, हे मी तेव्हा वाचलं. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै, हा आजीच्या तोंडचा हिशेब पहिल्यांदा नीट समजला. १ एप्रिल १९५७ला दशमान पद्धत आली आणि नव्या पैशाला 'नया' म्हणावं लागलं, कारण जुना पैसा अजून लोकांच्या खिशात होता. नाणी जमवायची, असं मी त्या रात्री ठरवलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम काय केलं, तर शिवराई घासली. देवाची भांडी घासतो तशीच. पाच मिनिटांत काळा पैसा गुलाबी झाला, नव्या तांब्यासारखा. अक्षरं मोकळी झाली. मला इतका आनंद झाला की बहिणींना फोटो पाठवला.

काकांनी अखेर पैसा उचलला तो दोन बोटांनी, कडेला धरून. मी तोपर्यंत तो चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळत होते. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, दिव्याखाली पैसा फिरवला, एका जागी थांबले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"छ दिसतो का? त्याच्या पोटात बघा."

'छत्रपति'मधल्या छच्या वळणात एक तांबडा कण अडकला होता. मोहरीपेक्षाही बारीक.

"कुंकू आहे," ते म्हणाले. "देव्हाऱ्यातली आहे ना? असल्या पैशाच्या सगळ्या अक्षरांत हळदकुंकू बसलेलं असतं. घट्ट. बायका पिढ्यानपिढ्या वाहत आलेल्या असतात. बाकीचं कुठे गेलं?"

बाकीचं बेसिनमध्ये गेलं होतं. मीच पाणी सोडलं होतं. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. नोकराने न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला.

मी म्हटलं, "पण काका, आजीसुद्धा दिवाळीला धुवायचीच की. पंचामृताने."

"धुतलेलं वेगळं, घासलेलं वेगळं," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावलं. रागावून नाही, शाळेतले मास्तर समजावतात तसं. तांब्यावर वर्षानुवर्षं जो काळा-तपकिरी थर चढतो तो मळ नसतो. हवेशी, ओलाव्याशी, हाताच्या घामाशी तांब्याचं जे जमतं त्यातून ती कातडी तयार होते आणि खालच्या धातूला तीच सांभाळते. चिंचेतलं आम्ल ती कातडी तर खातंच, खालचं तांबंही थोडं खातं. अक्षरांच्या धारा बोथट होतात. नवा थर चढतो, पण तो जुना नसतो. आणि जाणत्या माणसाला घासलेलं नाणं लांबूनच कळतं. म्हणूनच त्यांनी ते उचललं नव्हतं.

मग मी तो प्रश्न विचारला, जो बहुतेक सगळे विचारत असणार: "महाराजांच्या वेळची आहे का?"

त्यांनी काट्यावर टाकली. साडेआठ ग्रॅम आणि वर काही. एका बाजूला 'श्री राजा शिव' तीन ओळींत, दुसरीकडे 'छत्र पति' दोन ओळींत. मधे दोन आडव्या रेघा. "ही दुदांडी," ते म्हणाले. दोन दांड्यांची म्हणून दुदांडी. महाराजांनी १६७४मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवराई सुरू केली ती वजनाने भारी, ठिपक्यांच्या किनारीची. पुढे छत्रपती आणि पेशवे यांच्या अमदानीत तोच मजकूर घेऊन ठिकठिकाणच्या टाकसाळींत शिवराया पडत राहिल्या. वजन उतरत गेलं, अक्षरं बिघडत गेली, कुठे 'शिव'चं 'सिव' झालं. इंग्रज आले तरी आठवडी बाजारात शिवराई चालतच होती. नाणं हातोड्याने पाडायचे, आणि ठसा बहुतेक वेळा चकतीहून मोठा असायचा, म्हणून एका पैशावर सगळी अक्षरं मावत नाहीत. माझ्या पैशावर 'श्री'ची वेलांटी कडेबाहेर गेली आहे. मी ती झीज समजत होते.

पेशवाईतली आहे म्हटल्यावर मी जरा खट्टू झाले, आणि ते काकांना दिसलं. "अहो, मजकूर बघा ना," ते म्हणाले. "राजा जाऊन इतकी वर्षं झाली तरी नाव त्याचंच पाडत होते." हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं.

मी काहीतरी विकत घ्यायचं म्हणून म्हटलं, नवशिक्याने कुठून सुरुवात करावी. ते म्हणाले, पर्समधून. त्यांनी मला काही विकलं नाही. चहा पाजला आणि उठताना म्हणाले, आता घासू नका, मऊ प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये कोंबू नका, तांबं हिरवं पडतं. साध्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि कुठून आलं ते लिहून ठेवा. "आणि अंजनेरीला जाऊन या."

लग्नानंतरचा दिवस मोकळा होता. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकची एसटी पकडली. गाडीत प्रचंड गर्दी, शेजारच्या मावशींच्या मांडीवर भाजीची पिशवी आणि माझ्या मांडीवर पर्समधली चिल्लर. नाण्यावरच्या सालाखाली बारीक खूण असते, हे काकांनी सांगितलेलं. हिऱ्याच्या आकाराची असेल तर मुंबईची टाकसाळ, चांदणी हैदराबादची, नुसता ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. मावशीही वाकून बघायला लागल्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली. त्यांच्या पाच रुपयांवर चांदणी सापडली तेव्हा त्यांना माझ्याइतकाच आनंद झाला. "म्हंजी हे हैदराबादवरनं आलंय व्हय!" त्या तीनदा म्हणाल्या. इतक्या वर्षांत इतकी नाणी हातांतून गेली आणि मी एकदाही ती खूण पाहिली नव्हती.

अंजनेरी फाट्याला उतरले. डोंगर ढगात होता. हनुमानाचा जन्म इथला मानतात, म्हणून बहुतेक लोक वर गडाकडे जातात. नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी १९८०मध्ये उभी राहिलेली संस्था आणि तिचं संग्रहालय त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. मी आत गेले तेव्हा दालनात दुसरं कुणी नव्हतं. मला गर्दीची चीड आहे, त्यामुळे ते एकटेपण फार आवडलं. पण अशा जागी शाळेची एकही सहल नसावी याचं वाईटही वाटलं.

आहत नाण्यांपासून, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या फार जुन्या नाण्यांपासून, ओळीने बघत गेले आणि एका मोठ्या केलेल्या छायाचित्रापाशी थांबले. चांदीचं लहान नाणं. एका राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा, पण त्या चेहऱ्यावर मधोमध तीन कमानींच्या डोंगराचं चिन्ह ठोकलेलं. गाल चेपला गेलेला. नाक मात्र शाबूत.

तो नहपान, क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे शक राजा. आणि वर ठोकलेला ठसा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. १९०६मध्ये याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. शत्रूला हरवलं, नाणी हाती आली. वितळवून नवी पाडता आली असती, पण त्याने तशीच घेऊन वरून आपलं चिन्ह आणि नाव ठोकलं. एका नाण्यावर दोन राजे, आणि खालचा अजून दिसतो.

मी तिथे खूप वेळ उभी राहिले. रुमालातली शिवराई माझ्या पर्समध्ये होती.

त्र्यंबकला देवदर्शनाची रांग इतकी होती की कळसाला नमस्कार करून परतले. पण रस्त्यात एकाने गाठलंच. "ताई, जुनं नाणं, रामदरबार, कंपनीचं, घरात ठेवलं की बरकत." एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण, पायाशी हनुमान. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, साल १८१८. किंमत ऐकून मी हबकले. असं नाणं कंपनीने चलनासाठी कधी पाडलंच नाही. सबंध मुलखासाठी कंपनीचं एकसारखं नाणं आलं ते १८३५मध्ये, आणि रुपयावर चेहरा होता चौथ्या विल्यमचा. हे रामदरबारी तुकडे नंतर कुणी कुणी बनवले, आणि अडल्यानडल्या माणसांना विकले जातात. हनुमानाच्या जन्मभूमीच्या वाटेवर हनुमानाच्याच नावाने हे चालावं याचा मला मनस्वी संताप आला. मी नको म्हटल्यावर तो दुसरं काढून म्हणाला, "हे शेतात सापडलंय, अस्सल." सापडलं असेल तर १८७८च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे ते कलेक्टर कचेरीत कळवायला हवं, एवढं बोलून मी पुढे गेले. नवीन छंद लागलेल्या माणसाला हे दोन शब्द फार भुलवतात, 'बरकत' आणि 'शेतात'. मलाही चार दिवस आधी भुलवले असते.

परतीच्या दिवशी सकाळी पांडवलेणी चढले. गुडघ्यांनी तक्रार केली, पण दहाव्या लेण्यात पोचल्यावर विसरले. ही नहपानाच्या घरची लेणी. त्याचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले आणि ते भिंतीवर कोरून ठेवलं. दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, शेकडा दरमहा एक कार्षापण व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवराचे, म्हणजे वस्त्रांचे. मी तिथेच ओट्यावर बसून हिशेब केला. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू, बारा बारा. दोनशे चाळीस. पैन् पै जुळली. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब बरोबर आला आणि माझ्या अंगावर काटा आला. हा पैसा कुणीतरी हातात मोजून घेतला होता.

मग तिसऱ्या लेण्यात गेले. तिथे गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निरवशेष केला, असं ती अभिमानाने सांगते. निरवशेष, म्हणजे काही उरलं नाही. मला ते छायाचित्र आठवलं. चेपलेल्या गालावरचं ते नाक.

सिन्नरमार्गे पुण्याला आले. वाटेत दोन तास कोंडी, त्याबद्दल काही लिहीत नाही.

घरी आल्यावर कोऱ्या कागदाची पाकिटं केली. पहिल्या पाकिटात शिवराई. वर पेन्सिलीने लिहिलं: 'शिवराई, दुदांडी. तांबे. साडेआठ ग्रॅम. आजीच्या देव्हाऱ्यातून. चिंचेने घासलेली.' शेवटचे दोन शब्द लिहायला हात अडखळला, पण जाणत्याला ते दिसणारच आहे आणि न जाणत्याला कळायला हवं.

पाकीट टेबलावर होतं. आईने ते उचललं, चष्मा लावून वाचलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. खाली तिच्या जुन्या वळणदार अक्षरात तिने लिहिलं: 'आजीच्या आईने तिच्या ओटीत घातलेली. सिन्नर.'

"हे तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस?" आई म्हणाली, आणि बाकीची नाणी बघायला डबी पुढे ओढली.