मुंढवा, पाषाण आणि एक पत्ता: पोलीस क्लिअरन्सच्या कागदाची वाट

माझे पती अमेरिकेचे नागरिक आहेत आणि आमचा विवाह डिसेंबर 2022 मध्ये साताऱ्यात झाला. त्यांनी माझ्यासाठी दाखल केलेला आय-130, म्हणजे जोडीदाराला कायम वास्तव्यासाठी अमेरिकेत नेण्याचा पहिला अर्ज, मंजूर होऊन प्रकरण व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे गेले, तेव्हा जुलै 2024 उजाडला होता. त्या टप्प्यावर मागितल्या जाणाऱ्या कागदांपैकी विवाहनोंदणीचा दाखला, जन्माचा दाखला आणि पतीची आयकराची कागदपत्रे आमच्याजवळ तयार होती. राहिले होते ते पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘पीसीसी’. हा कागद आठवडाभरात हाती येईल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्याला अडीच महिने लागले, आणि त्यातील बहुतेक विलंब माझ्याच एका चुकीमुळे झाला.

प्रथम एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे, कारण माझ्या ओळखीतील दोन जणींनी त्यात वेळ घालवला. महाराष्ट्र पोलीस नोकरीसाठी किंवा खासगी कामासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला देतात. त्याचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे आणि तो मिळतो पोलीस आयुक्तालयाकडून किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडून. भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला अमेरिकेच्या स्थलांतर व्हिसासाठी जो कागद लागतो तो मात्र पासपोर्ट कार्यालय देते. पोलिसांचे काम फक्त अहवाल पाठवण्याचे; प्रमाणपत्रावर सही पासपोर्ट अधिकाऱ्याची असते. त्यावरील मजकूरही पाहण्यासारखा असतो. अमुक पासपोर्ट धारण करणाऱ्या व्यक्तीविरुद्ध, तिला अमुक देशाचा व्हिसा किंवा प्रवासाची सुविधा मिळण्यास बाधा येईल अशी प्रतिकूल माहिती नाही, एवढेच त्यात म्हटलेले असते. त्यात देशाचे नाव छापले जाते, त्यामुळे अर्ज भरताना देश चुकला तर तो कागद निरुपयोगी होतो.

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि शुल्क 500 रुपये आहे. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, हे नीट पाहावे. हुबेहूब तसेच दिसणारे आणि जास्त पैसे उकळणारे अनेक बनावट पत्ते शोधयंत्रात वर दिसतात आणि परराष्ट्र मंत्रालयाने त्यांविषयी सावधगिरीची सूचना दिलेली आहे. 28 सप्टेंबर 2022 पासून पीसीसीचा अर्ज टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतही करता येतो, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्यांना पुणे किंवा मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. मी नोकरीनिमित्त पुण्यात हडपसरला राहते, म्हणून जवळचे मुंढव्याचे केंद्र निवडले.

आता माझी चूक सांगते. माझ्या पासपोर्टवर, तो 2016 मध्ये काढलेला असल्यामुळे, साताऱ्याचा म्हणजे माहेरचा पत्ता आहे. आधार कार्डावरही तोच होता. हडपसरला मी तीन वर्षे भाड्याच्या घरात राहत होते, पण पासपोर्ट आणि आधार यांच्याशी जुळणारा पत्ता दिला की काम लवकर होईल असा विचार करून मी ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात सातारा लिहिले. सातारा जिल्हा पुण्याच्याच प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येत असल्याने मुंढव्याला अर्ज देण्यात काही अडचण आली नाही.

मुंढव्याचा फेरा सोपा होता. हडपसरहून मगरपट्टामार्गे अंतर थोडेच आहे, परंतु मुंढवा चौकातील कोंडीत रिक्षा अडकली आणि वेळेच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचायचे असते त्याऐवजी मी अगदी वेळेवर पोहोचले. आत टोकन घेऊन ए, बी आणि सी अशा तीन टप्प्यांतून जावे लागते. ए काउंटरवर कागद स्कॅन होतात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बी वर सरकारी कर्मचारी कागद तपासतात. सी वर अधिकारी निर्णय देतात. मूळ पासपोर्ट, त्याच्या पहिल्या व शेवटच्या पानांच्या स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती, पत्त्याचा पुरावा आणि पीसीसी कशासाठी हवे हे दाखवणारा कागद मी नेला होता. त्या शेवटच्या कागदासाठी व्हिसा सेंटरचे पत्र छापून नेले होते आणि बी काउंटरवर ते खरोखर मागितले गेले. पासपोर्ट काढताना झालेली पोलीस पडताळणी नोंदीत असेल आणि पत्ता तोच असेल तर काही अर्जदारांना त्याच दिवशी पीसीसी मिळते. मला मात्र नवी पडताळणी होईल असे सी काउंटरवर सांगण्यात आले आणि दीड तासात मी बाहेर पडले.

बारा दिवसांनी सकाळी आईचा फोन आला. घरी पोलीस आले होते, तिने त्यांना चहा दिला आणि मुलगी कुठे आहे असे विचारल्यावर अगदी खरे सांगितले, “ती तीन वर्षे पुण्यातच आहे नोकरीला, दिवाळीला येते.” आईने खोटे बोलायला हवे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही, त्या शिपायांनीही पाहिले तेच लिहिले. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, असा अहवाल गेला आणि संकेतस्थळावरील अर्जाच्या स्थितीत पोलीस अहवाल ‘क्लिअर’ नसल्याचे दिसू लागले. एक गुन्हा नाही, तक्रार नाही, आणि तरीही नावापुढे तो शब्द पाहिल्यावर पोटात खड्डा पडला.

इथे मला हे प्रमाणपत्र मुळात काय तपासते ते कळले. आपण ‘चारित्र्य’ या शब्दात अडकतो, पण पोलिसांच्या हातातील प्रश्न फार साधा असतो: ही व्यक्ती या पत्त्यावर राहते का, आणि त्या हद्दीत तिच्याविरुद्ध काही नोंद आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले की दुसऱ्याला अर्थच उरत नाही. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत तर हा पहिलाच प्रश्न अवघड असतो. पासपोर्टवर माहेर, रेशन कार्डावर सासर, कामाचे ठिकाण तिसरीकडे, आणि नवरा चौथ्या देशात. ज्या पत्त्यावर आपण खरोखर झोपतो, जिथे शेजारी आपल्याला ओळखतात, तोच पत्ता ‘सध्याचा पत्ता’ म्हणून द्यावा, मग तो पासपोर्टवर नसला तरी चालेल. फक्त त्याचा पक्का पुरावा हवा. अशा वेळी आधी नव्या पत्त्याचा पासपोर्ट काढून घ्या, असाही सल्ला काही जणांना काउंटरवर मिळतो. पासपोर्टची मुदत तशीही संपत आली असेल तर तो सल्ला मानण्यासारखा आहे, कारण व्हिसाच्या वेळी पासपोर्टची पुरेशी मुदत शिल्लक असावी लागतेच.

मी संकेतस्थळावरून प्रादेशिक कार्यालयात चौकशीची वेळ घेतली. ती मिळाली 30 ऑगस्टची, आणि नेमक्या त्याच सुमारास देखभालीच्या कामासाठी पासपोर्टची संपूर्ण संगणकीय यंत्रणा 29 ऑगस्टच्या रात्रीपासून 2 सप्टेंबरच्या सकाळपर्यंत देशभर बंद राहिली, त्यामुळे भेट पुढच्या आठवड्यात गेली. हे कार्यालय पाषाण-बाणेर जोडरस्त्यावरील पासपोर्ट भवनात आहे. हडपसरहून तेथे जाणे म्हणजे शहराचे एक टोक सोडून दुसरे गाठणे. गणेशखिंड रस्त्यावर तेव्हा मेट्रोची कामे चालू होती आणि बसला जवळपास दोन तास लागले. सकाळची वेळ घेणाऱ्यांनी हे हिशेबात धरावे.

काउंटरवरील बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि दोन ओळींचा अर्ज लिहून द्यायला सांगितले. पत्ता चुकीचा दिला गेला, प्रत्यक्ष वास्तव्य हडपसर येथे आहे, तरी तेथे पुन्हा पडताळणी व्हावी, असा तो मजकूर होता. सोबत नोंदणीकृत भाडेकराराची प्रत, पुण्याचा पत्ता असलेले अद्ययावत आधार आणि बँकेचे विवरणपत्र जोडले. नवे शुल्क लागले नाही. भाडेकरार नोंदणीकृत असणे येथे महत्त्वाचे ठरले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर घरमालकाची सही घेऊन केलेल्या करारावर भिस्त ठेवू नये.

दुसऱ्या वेळी मी तयारीनिशी बसले. सोसायटीच्या सचिवांना आणि दोन शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवले, कारण अर्जात ज्यांची नावे संदर्भ म्हणून दिली जातात त्यांना अनोळखी क्रमांकावरून फोन आला तर ते उचलत नाहीत. आठ दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तेथे मूळ कागद पाहिले, मोबाइलवर माझे छायाचित्र घेतले आणि पती काय करतात, परत येणार का, असे दोन प्रश्न विचारले. या पडताळणीसाठी अर्जदाराला कोणतेही शुल्क द्यावे लागत नाही, हे लक्षात ठेवून जावे. पाच दिवसांनी प्रमाणपत्र मंजूर झाल्याचा संदेश आला, आणि मूळ पासपोर्ट व पावती घेऊन ते मुंढव्याहून घेऊन आले. तारीख होती 3 ऑक्टोबर.

नावाविषयी थोडे. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधले नावही बदलते, वडिलांच्या जागी पतीचे येते. माझा पासपोर्ट माहेरच्या पूर्ण नावाने आहे आणि मी तो तसाच ठेवला; पीसीसी पासपोर्टवरील नावानेच निघते. मात्र गॅसच्या नोंदणीवर आणि सासरच्या रेशन कार्डावर सासरचे नाव आहे, म्हणून डीएस-260 या व्हिसाच्या अर्जात ‘वापरलेली इतर नावे’ येथे ते लिहिले. त्याच अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते विचारतात. वसतिगृह, मावशीचे घर, पहिली पेइंग गेस्टची खोली, हे सारे महिन्यांसह आठवून लिहिण्यात माझे दोन रविवार गेले. पीसीसीच्या अर्जातील आणि या अर्जातील पत्त्यांत विसंगती राहू नये, म्हणून हे काम पीसीसीच्या आधी करावे असे मी आता सांगेन.

त्या पत्त्यांमुळेच आणखी एक कागद लागला. सोळाव्या वर्षानंतर ज्या परदेशात बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झाले असेल तेथील पोलीस प्रमाणपत्रही द्यावे लागते, आणि मी पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे श्टुटगार्टला होते. जर्मनीत या कागदाला फ्यूरुंग्सत्सॉयग्निस म्हणतात आणि तो बॉन येथील संघीय न्याय कार्यालयाकडून मिळतो. शुल्क 13 युरो. परदेशातून अर्ज करताना सही अधिकृतरीत्या साक्षांकित असावी लागते. कागद जर्मन भाषेत असल्यामुळे त्याचा इंग्रजी अनुवाद आणि अनुवाद अचूक असून आपण ही भाषा जाणतो अशी अनुवादकाची सही आवश्यक होती; पुण्यात जर्मनचे अनुवादक सहज मिळतात, हे या शहराचे एक सुख. अर्ज पाठवण्यापासून अनुवाद हाती येण्यापर्यंत सहा आठवडे गेले, पण पीसीसी रखडलेलेच असल्याने ते जाणवले नाहीत. आखातात किंवा सिंगापूरला नोकरी केलेल्या मंडळींनी तेथील कागदाची चौकशी सर्वांत आधी सुरू करावी. अमेरिकेतील वास्तव्यासाठी मात्र पोलीस प्रमाणपत्र लागत नाही.

मुदतीचा हिशेब असा. पोलीस प्रमाणपत्र दोन वर्षांनी जुने मानले जाते. पूर्वी राहिलेल्या देशाचा कागद, तेथे पुन्हा पाऊल ठेवले नसेल तर, त्यानंतरही चालतो. त्यामुळे माझे जर्मन प्रमाणपत्र एका अर्थी कायमचे आहे, भारतीय नाही. आय-130 दाखल केल्या केल्या पीसीसी काढून ठेवण्याचा उत्साह म्हणूनच टाळावा. मुलाखत लांबली तर सगळे पुन्हा करावे लागेल.

मुलाखत फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात झाली. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून आदल्या दिवशी जाऊन दादरला नातेवाइकांकडे राहिले आणि फोन तेथेच ठेवला. तोवर विवाहाला दोन वर्षे उलटून गेली होती, त्यामुळे अटीसह दोन वर्षांच्या ग्रीन कार्डाऐवजी थेट दहा वर्षांचे मिळणार हे ठरले. विलंबाचा तेवढाच एक फायदा. खिडकीपलीकडच्या बाईंनी मूळ पीसीसी मागितले, त्यावरील नाव पासपोर्टशी ताडून पाहिले, जर्मन कागद आणि अनुवाद बाजूला ठेवला आणि पतीशी ओळख कशी झाली हे विचारले. पत्त्याविषयी त्यांनी एकच प्रश्न केला, तो म्हणजे व्हिसा लावलेला पासपोर्ट कोठे घेणार. मी हडपसर सांगितले.