बाई, वाळू द्रवच!

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला आणि प्रयोगशाळेतलं ते टवके उडालेलं टेबलच आधी आठवलं. मैदानावर, स्नेहसंमेलनावर बाकीचे लिहितीलच. मी विज्ञानाच्या बाईंवर लिहिणार.

पदार्थाच्या अवस्थांचा धडा चालू होता. स्थायूला आकारही ठरलेला आणि आकारमानही. द्रवाचं आकारमान ठरलेलं, आकार मात्र भांड्याचा. वायूचं काहीच ठरलेलं नाही, मिळेल ती जागा व्यापणार. पाढ्यासारखं पाठ होतं. बाईंनी मध्येच विचारलं, "मग वाळू कोण?" मी ठणकावून सांगितलं, "द्रव! ओतता येते, भांड्याचा आकार घेते."

वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "निरीक्षण चांगलंय. ये पुढे." एका ताटलीत पाणी ओतायला लावलं, दुसरीत वाळू. पाणी सपाट पसरलं, वाळूचा मात्र ढीग झाला, चांगला उतार असलेला. मग त्यातला एक कण माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंग दिलं. "आता याचा आकार बदलून दाखव." पिवळसर, काचेसारखा, एका कोपऱ्याला तुटलेला तो कण मला अजून दिसतो.

(बिनसुईची सिरिंजही त्याच तासाला. तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या रेटला की हवा दबायची, पाणी मात्र हटायचं नाही.)

आज मी भुकटी साठवायच्या उंच कोठ्यांचे आराखडे करतो, म्हणजे पोट त्या वाळूवरच म्हणा ना! पाण्याच्या टाकीत जितकी खोली, तितका तळावर दाब. कोठीत मात्र एका उंचीनंतर तो फारसा वाढत नाही, कारण घर्षणामुळे कणांचं बरंचसं वजन भिंती पेलतात. जान्सेन या जर्मन अभियंत्याने हे १८९५ साली मांडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताटलीतला ढीगच आठवला; त्याचा उतारही घर्षणानेच तर धरला होता. आणि तरी तीच भुकटी, खालून हवा सोडली की, पाण्यासारखी वाहते.

मध्यंतरी शाळेत डोकावलो. फळ्याच्या जागी पडदा आलाय, त्यावर रेणू रंगीत गोळ्यांसारखे नाचतात. छान दिसतं. वाळूची बरणी कुठे गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई समारंभाला येणार आहेत म्हणे. खिशात वाळूची पुडी घेऊन येतोय. माझं उत्तर अगदीच चूक होतं का, एवढं विचारायचंय.