ट्रॉली बाहेर काढली की तिचा एनसीपण बाहेर जातो

५२ए आणि ५२बी हे सर्किट ब्रेकरची स्थिती पॅनलला सांगणारे दोन छोटे कॉन्टॅक्ट, हे नाशिकच्या सातपूर-अंबडला पॅनल वायरिंग करणारं कुठलंही आयटीआयचं पोरगं झोपेत सांगेल. ब्रेकर ऑन असला की ए लागतो, ऑफ असला की बी (म्हणजेच एनसी, नॉर्मली क्लोज्ड) लागतो, संपला विषय. पण ब्रेकर ड्रॉआउट, म्हणजे चाकांच्या ट्रॉलीवरून पॅनलबाहेर ओढता येणारा असला की गोची होते, कारण हे कॉन्टॅक्ट ज्यात असतात ती ऑक्झिलरी स्विच ट्रॉलीवर बसलेली असते आणि पॅनलशी तिचा संबंध फक्त कंट्रोल प्लगमधून, ११ केव्हीच्या व्हीसीबीला (व्हॅक्यूम ब्रेकर) तो जाड केबलवाला ५८ नाहीतर ६४ पिनांचा, एसीबीला (एअर ब्रेकर) ट्रॉली आत सरकली की आपोआप लागणारे कॉन्टॅक्ट. प्लग काढला की एपण ओपन, बीपण ओपन. पॅनलला ब्रेकर ऑन की ऑफ काहीच कळत नाही.

सिन्नरला एका कंपनीत हेच झालं. दोन इनकमर (सप्लाय आत आणणारे ब्रेकर), मधे दोन्ही बस जोडणारा बस कपलर, आणि इंटरलॉक असा की एक तरी इनकमर ऑफ असेल तरच कपलर लागणार, म्हणून दोघांचे ५२बी पॅरललमधे. पहिला इनकमर मेंटेनन्सला बाहेर काढला, आता दुसऱ्यावरून कपलर मारून सगळा लोड घ्यायचा तर कपलर लागेचना! स्प्रिंग चार्ज, फ्यूज ठीक, कॉइल ठीक, आणि ज्या बीवर भिस्त होती तो ट्रॉलीबरोबर बाहेर उभा. मग कोणीतरी म्हणालंच, "दादा, वायर टाकून शॉर्ट करू का?" नका करू. ती वायर तशीच राहते आणि एक दिवस दोन्ही सोर्स पॅरलल होतात.

उपाय साधा आहे. ट्रॉली सर्व्हिसमधे, म्हणजे पूर्ण आत आहे की नाही हे सांगणारी सर्व्हिस लिमिट स्विच पॅनलच्या कप्प्यातच बसलेली असते, ती ट्रॉलीबरोबर कुठे जात नाही. तिचा 'सर्व्हिसमधे नाही' वाला कॉन्टॅक्ट त्या बीच्या पॅरललमधे घ्या. टेस्ट पोझिशनला (ट्रॉली अर्धी बाहेर) ब्रेकर मारून बघताना पण हाच उपयोगी पडतो, कारण तेव्हा प्लग लागलेला असतो, मेन कॉन्टॅक्ट सुटलेले असतात आणि ५२ए बिनधास्त सांगत असतो ब्रेकर ऑन आहे म्हणून. स्काडावर (कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर) फीडर चालू दिसतो, फीडरवर काही नाही. तिथे एच्या सिरीजमधे सर्व्हिस लिमिटचा 'सर्व्हिसमधे आहे' वाला कॉन्टॅक्ट हवाच. बाहेर काढलेल्या फीडरचा 'ट्रिप सर्किट अनहेल्दी' अलार्म दिवसभर बोंबलतो तोही असाच बंद करता येतो.

फॅक्टरी टेस्टिंगला बहुतेक जण इंटरलॉक फक्त सर्व्हिस पोझिशनला बघतात आणि सही करून चहाला जातात, मला हे अजिबात पटत नाही. सर्व्हिस, टेस्ट आणि बाहेर, तिन्ही बघा.

अजून एक, लिमिट स्विचची दांडी वाकली तर ट्रॉली पूर्ण आत असूनही ती 'सर्व्हिसमधे नाही'च सांगत राहते, म्हणजे तुमचा बी कायमचा बायपास, आणि याचा अलार्मबिलार्म काही येत नाही. शटडाऊनला ग्रीस लावून झालं की ब्रेकर ऑफ ठेवून ट्रॉली रॅक इन करा (पूर्ण आत घ्या), कंट्रोल सप्लाय काढा, लिमिट स्विचच्या 'सर्व्हिसमधे नाही' कॉन्टॅक्टची एक वायर सोडवा, नाहीतर पॅरललमधला बीच लागलेला दिसेल, आणि त्या कॉन्टॅक्टच्या दोन टर्मिनलवर मल्टिमीटर लावून बघा, ओपन दिसायला हवा.